संगणकीय लेखन : देवनागरी व चिनी

कळफलकाच्या साहाय्याने संगणकात मजकूर भरणे, तो साठविणे, दुरुस्त करणे, त्यात हवा तो शब्द शोधणे आणि अखेर पडद्यावर वा कागदावर तो उमटविणे, या सर्व क्रियांचा समावेश संगणकीय लेखनात होतो. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना या क्रियांत प्रारंभापासून विशेष अडचण आली नाही. कारण टंकलेखन यंत्र व त्याच्या मागोमाग आलेला संगणक ही दोन्ही साधने रोमन लिपीच्याच मापाने बेतलेली होती. अन्य लिपींनी यंत्रात बसण्यासाठी स्वतःला छाटून घ्यावे किंवा यंत्र बदलेपर्यंत थांबावे, असे दोनच मार्ग दीर्घकाळ दिसत होते. चिनी व देवनागरी या दोन लिपींनी या पेचातून तिसरा मार्ग काढला. बोटांनी दाबावयाची कळ, यंत्राच्या स्मृतीत राहणारा संकेत आणि डोळ्यांना दिसणारे अक्षर ही तिन्ही एकच असली पाहिजेत, हा आग्रह त्या मार्गात सोडून देण्यात आला.

दोन्ही लिपींची अडचण मुळात भिन्न आहे. चिनी लिपीत वर्णमाला नाही. तिच्यातील प्रत्येक चिन्ह सामान्यतः एका शब्दाचे वा शब्दघटकाचे द्योतक असते आणि वृत्तपत्र वाचण्यापुरतीही अशी दोन-तीन हजार चिन्हे अवगत असावी लागतात. देवनागरीत मूळ वर्ण पन्नासाच्या आसपासच आहेत. परंतु स्वर व्यंजनाच्या वर, खाली, आधी वा नंतर चिकटतो, व्यंजने परस्परांत मिसळून जोडाक्षरे होतात आणि ‘र’ तर शेजाऱ्याप्रमाणे चार वेगळी रूपे घेतो. म्हणजे चिनीची अडचण चिन्हांच्या संख्येची, तर देवनागरीची त्यांच्या वर्तनाची होय. मुद्रकाला मात्र दोन्हींचा अनुभव सारखाच येई : खिळ्यांच्या पेट्या वाढत जात आणि जुळाऱ्याचे हात थकत.

विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर (बंगाल) येथे १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी अक्षराचे भाग पाडून खिळ्यांची संख्या कमी करण्याची पद्धत रूढ केली. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने सुबक देवनागरी मुद्रणाचा मानदंड निर्माण केला. तथापि सुबकपणासाठी लागणारे शेकडो खिळे दैनंदिन वृत्तपत्राला परवडणारे नव्हते. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या निमित्ताने या प्रश्नात लक्ष घातले व अनावश्यक खिळे गाळून ही संख्या सु. १९० पर्यंत खाली आणण्याचा प्रयत्न केला. तो ‘टिळक टाइप’ म्हणून ओळखला जातो.

टंकलेखन यंत्राने ही काटकसर अधिक कठोर केली. सु. ४६ कळा व प्रत्येकीवर दोन चिन्हे, अशी ९२ चिन्हांचीच त्यात सोय असे. चिनीला ती कधीच पुरण्यासारखी नव्हती. म्हणून शांघायच्या कमर्शियल प्रेस या प्रकाशनसंस्थेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे चिनी टंकलेखन यंत्र प्रचारात आणले, त्याला कळफलकच नव्हता, सु. अडीच हजार सुटे खिळे एका तबकात मांडलेले असत आणि टंकलेखक तरफेने त्यांतील एकेक उचलून कागदावर आपटत असे. लेखक लिन युटांग यांनी १९४७ मध्ये दाखविलेले ‘मिंगक्वाय’ यंत्र याहून निराळे होते. त्यात दोन कळा दाबल्या की एका लहान खिडकीत आठ चिन्हांपर्यंतचे पर्याय दिसत आणि तिसऱ्या कळीने त्यांतील हवे ते निवडता येई. हे यंत्र बाजारात आले नाही, तरी ‘आधी संकेत द्या, मग पर्यायांतून निवडा’ ही त्यातील युक्ती पुढे कोट्यवधी लोकांच्या हाती जाणार होती.

मराठी टंकलेखन यंत्रात, विशेषतः रेमिंग्टन पद्धतीच्या मांडणीत, वेगळी तडजोड होती. पुष्कळशी व्यंजने अर्धी ठेवून त्यांना दंड वेगळा जोडावयाचा, उकार व मात्रा यांच्या कळा अचल ठेवून पुढचे अक्षर त्याच जागी उमटू द्यावयाचे, ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी व मग ‘क’, तर ‘र्क’ लिहिताना आधी ‘क’ व मग रफार मारावयाचा, असा हा क्रम होता. हात जसा कागदावर दिसेल तसा चाले, कान ऐकतो तसा चालत नसे. ही सवय टंकलेखकांच्या दोन-तीन पिढ्यांच्या बोटांत इतकी मुरली, की संगणक आल्यावरही ती सुटली नाही. तिचे परिणाम पुढे येतील.

याच काळात यंत्र बदलता येत नाही तर लिपी बदला, असा विचारप्रवाह दोन्ही देशांत बळावला. विनायक दामोदर सावरकर यांनी सर्व स्वर ‘अ’ ला चिन्हे जोडून लिहिण्याचा, म्हणजे अि, अी, अु, अू असा, पुरस्कार केला. लखनौ येथे १९५३ मध्ये भरलेल्या लिपी सुधारणा परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटीही व्यंजनाच्या उजवीकडे देण्याचे सुचविले. मुंबई राज्याच्या शालेय पुस्तकांत ती काही काळ चालली आणि मग मागे पडली. चीनमध्ये १९५६ पासून अनेक चिन्हांची रूपे सोपी करण्यात आली व ११ फेब्रुवारी १९५८ रोजी ‘पिनयिन’ ही रोमन लिप्यंतर पद्धती अधिकृत झाली. चिनी लिपीच पुढेमागे सोडून द्यावी, असे म्हणणारे नामवंतही तेथे होते. या सुधारकांचा हेतू प्रामाणिक होता. पण यंत्राची आजची मर्यादा ही कायमची मर्यादा आहे, असे त्यांनी गृहीत धरले होते. ज्यांनी लिपीत फारसा हात न घालता वाट पाहिली, त्यांचा अंदाज अखेर अधिक बरोबर ठरला.

संगणकाची पहिली पिढी या दृष्टीने टंकलेखन यंत्राहून उदार नव्हती. अमेरिकेत १९६३ मध्ये निश्चित झालेल्या ‘आस्की’ या संकेतप्रणालीत सात द्विमान अंकांच्या १२८ जुळण्या होत्या व त्यांतील ९५ जुळण्या छापावयाच्या चिन्हांना दिलेल्या होत्या. चीनने १९८० च्या राष्ट्रीय मानकात ६,७६३ चिन्हांना संकेत दिले, तेव्हा प्रत्येकासाठी एक नव्हे, तर दोन बाइट खर्च करावे लागले. एक चिन्ह २४ × २४ ठिपक्यांच्या जाळीत रेखावयाचे म्हटले, तर त्याला ७२ बाइट लागतात. सर्व मानक चिन्हांची गोळाबेरीज पाच लाख बाइटांच्या जवळ जाते. १९८१ साली बाजारात आलेल्या आय्‌बीएम् वैयक्तिक संगणकाच्या मूळ स्मृतीत एवढी जागाच नव्हती. म्हणून अक्षरांची चित्रे वेगळ्या छापील मंडलपट्टीवर (कार्डावर) साठवून ती पट्टी संगणकात खोचण्याचा उपाय निघाला. नी ग्वांगनान यांनी १९८५ मध्ये तयार केलेल्या ‘हान कार्ड’ने पेइचिंगच्या एका नव्या कंपनीला नाव व भांडवल दोन्ही मिळवून दिले, हीच कंपनी आज लेनोवो म्हणून ओळखली जाते.

कळफलकाचा प्रश्न चिनी अभियंत्यांनी दोन दिशांनी सोडविला. तैवानात चू बाँग-फू यांची ‘त्सांगज्ये’ (१९७६) आणि चीनमध्ये वांग युंगमिन यांची ‘वूबी’ (१९८३) या पद्धतींत चिन्हाचे घटकांत विभाजन करून प्रत्येक घटकाला एक कळ दिलेली असते. वूबीत कोणतेही चिन्ह जास्तीत जास्त चार कळांत येते. शिकण्यास कष्ट पडतात, पण वेग मोठा मिळतो. दुसरी दिशा पिनयिनची. तीत उच्चार रोमन अक्षरांत लिहावयाचा व संगणकाने सुचविलेल्या चिन्हांतून हवे ते निवडावयाचे. ‘मा’ एवढाच उच्चार सुराच्या फरकाने आई, ताग, घोडा व शिव्या देणे असे अर्थ देत असल्याने प्रारंभी ही पद्धत संथ वाटे. संगणकाला शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधता येऊ लागल्यावर तिनेच बाजी मारली.

भारतात या संशोधनाचे केंद्र कानपूरची भारतीय तंत्रविद्या संस्था हे होते. तेथे आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे प्रभृतींनी तयार केलेला देवनागरी संगणक-अग्र १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आला. त्यातूनच ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाल्यावर हे काम तेथे आले आणि जिस्ट कार्ड तयार झाले. मराठी संगणकीय लेखनाचे केंद्र पुणे झाले ते तेव्हापासून. हान कार्ड व जिस्ट कार्ड ही एकाच दशकाची, जवळजवळ सारख्या गरजेतून जन्मलेली अपत्ये होत. मात्र चिनी कार्डात प्रामुख्याने चित्रांचा साठा होता, तर जिस्टमध्ये अक्षरे जुळविण्याचे नियम होते.

या नियमांमागील विचार मूलगामी होता. देवनागरी मजकूर दिसतो त्या क्रमाने न साठविता उच्चारतो त्या क्रमाने साठवावा; ‘कि’ म्हणजे ‘क’ व त्यानंतर ‘इ’, ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त व ष. वेलांटी डावीकडे नेणे, जोडाक्षराचे रूप निवडणे, रफार शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर चढविणे ही कामे यंत्राने करावीत. ब्राह्मीपासून निघालेल्या बहुतेक भारतीय लिपींचा वर्णक्रम एकच असल्यामुळे सर्वांना एकच संकेत पुरतो, ही गोष्टही या विचारात सामावलेली होती. तीवर आधारलेली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक (क्र. १३१९४) म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्याशी जुळणारा ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये निश्चित केला होता. त्यात डाव्या हाताकडे स्वर, उजव्याकडे बहुतेक व्यंजने. ‘क’ च्याच कळीवर ‘ख’, ‘ग’ च्या कळीवर ‘घ’ अशी अल्पप्राण-महाप्राणांची जोडी असते. बाराखडी पाठ असलेल्याला हा कळफलक थोड्याच दिवसांत वश होतो. पाणिनीच्या परंपरेतील वर्णांची शास्त्रीय मांडणी यंत्राच्या कामी आली, असे येथे म्हणता येईल.

शास्त्रीय मांडणी तयार असूनही मराठी मुलखात पुढील पंधरा-वीस वर्षे राज्य चालले ते निराळ्याच पद्धतीचे. खिडकीवजा पडद्यांच्या संगणकप्रणाली व टेबलावरील प्रकाशन (डीटीपी) १९९० नंतर झपाट्याने पसरले. या प्रणालींना इस्की समजत नसे. त्यांना फक्त रोमन अक्षरांचे संकेत व त्या संकेतांवर बसविलेली चित्रे समजत. तेव्हा रोमन अक्षरांच्या चित्रांजागी देवनागरीचे तुकडे बसविलेली मुद्राक्षरे बाजारात आली. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव ही त्यांतील परिचित नावे. सी-डॅकलाही ‘सुरेख’, ‘योगेश’ अशी मुद्राक्षरे द्यावी लागली. एका मुद्राक्षरात सु. दोनशे जागा मिळत. टिळकांच्या खिळ्यांची संख्याही जवळजवळ तेवढीच होती. मराठी लेखन अशा रीतीने नव्या यंत्रावर पुन्हा खिळ्यांच्या पेटीत जाऊन बसले आणि रेमिंग्टनच्या क्रमाची सवय असलेल्या टंकलेखकांना तर ते घरी परतल्यासारखेच वाटले.

या पद्धतीत छपाई उत्तम होई, आणि पुस्तके, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके यांना तेवढे पुरेसे होते. दोष दिसे तो मजकूर पुन्हा वापरावयाच्या वेळी. कृतिदेवमध्ये ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी रोमन ‘डी’ असे आणि वेलांटी ‘एफ’. म्हणून ‘कि’ या अक्षराची नोंद ‘एफ, डी’ अशी होई. दुसऱ्या मुद्राक्षरात हीच चित्रे भलत्याच संकेतांवर असत. ज्या संगणकात ते विशिष्ट मुद्राक्षर नसेल, तेथे संपूर्ण मराठी कागद रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा अर्थहीन ढीग होऊन उघडे. नावांची यादी अकारविल्हे लावावयास सांगितली, तर संगणक ती रोमन क्रमाने लावी. शोध घेणे, शब्द तपासणे, एका कार्यालयाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी ताडून पाहणे यांतले काहीच विश्वासाने करता येत नसे. या वर्षांत टंकलिखित झालेला मराठी मजकूर प्रचंड आहे आणि त्याचा बराचसा भाग रूपांतर केल्याशिवाय आज वाचता येत नाही. कागदावरची शाई टिकली, पण चकतीवरचा मजकूर मुका झाला.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणात या प्रश्नाचे गांभीर्य विशेष होते. केंद्राच्या अर्थसाहाय्याने १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत हे काम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले व त्यांत महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली. सातबाऱ्यावरील नाव ही केवळ छापावयाची अक्षरे नसतात. वारस, बोजा, फेरफार व पीककर्ज यांच्या सर्व नोंदी त्या नावाशी बांधलेल्या असतात. वर्ध्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी नाव शोधून ते सापडले नाही, तर खातेदाराला पुन्हा एक खेप घालावी लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. नाव दिसते पण सापडत नाही, हा संकेताचा दोष त्याला कळण्याचे कारण नव्हते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला, तो मजकूर सामाईक संकेतात आल्यामुळेच शक्य झाला.

हा सामाईक संकेत म्हणजे ‘यूनिकोड’ होय. जगातील सर्व लिपींना एकाच कोष्टकात जागा देण्याच्या या योजनेचा पहिला खंड ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली होती; २०,९०२ चिनी चिन्हे १९९२ च्या दुसऱ्या खंडात आली. आज त्यात दीडशेहून अधिक लिपी असून चिनी कुळातील चिन्हेच सु. एक लाख आहेत. सर्वसामान्य संगणकावर यूनिकोड देवनागरी प्रथम आली ती विंडोज २००० बरोबर. तिच्यातील ‘मंगल’ हे मुद्राक्षर रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी रेखिले होते. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेले जोशी मूळचे सुलेखनकार. हाताने अक्षर काढणाऱ्याची नजर त्यांनी संगणकाच्या कामात आणली.

यूनिकोडमुळे सर्व प्रश्न सुटले, असे मात्र नाही. मराठीची काही दुखणी तिची खास आहेत. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र हिंदीला लागत नाही. इस्कीमध्ये व पुढे यूनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर मुख्यतः द्राविडी भाषांतील एका वर्णाच्या लिप्यंतरासाठी होते. त्याला हलन्त जोडून मराठीचा हा अर्धा र मिळविण्यात आला. याखेरीज साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमानेही तोच आकार उमटतो. दोन्ही ‘वऱ्हाड’ डोळ्यांना एकच, पण संगणकाला दोन वेगळे शब्द. जोडचिन्ह गळले, तर ‘वर्हाड’ असे विचित्र रूप पुढे येते. ‘ॲ’ ची गोष्ट अशीच. २००८ पर्यंत त्याला स्वतंत्र संकेत नसल्याने तो ‘अ’ वर चंद्र ठेवून लिहीत. नवा संकेत आल्यावर जुना व नवा असे दोन ‘ॲ’ नांदू लागले. ‘ल’ व ‘श’ यांचे मराठी वळण हिंदीहून वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये पाकळीयुक्त ल व देठयुक्त श ही रूपे मान्य केली. परंतु संकेत हिंदी-मराठीला एकच असल्याने कोणते रूप दिसेल ते मुद्राक्षरावर अवलंबून राहते. चिनी, जपानी व कोरियन लेखनातील सारख्या चिन्हांना एकच संकेत दिल्यावर पूर्व आशियात जो वाद झाला, त्याची ही लहान आवृत्तीच म्हणावी लागेल.

भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर टंकन ही प्रशिक्षित लोकांची विद्या राहिली नाही. प्रारंभी रोमन अक्षरांतील लघुसंदेशात १६० चिन्हे मावत, तर देवनागरीत व चिनीत ७० च. खर्च व कळफलक या दोन्ही कारणांनी मराठी माणूस बराच काळ मराठी रोमन लिपीत लिहीत राहिला. पुढे रोमन अक्षरांत उच्चार लिहून देवनागरी शब्द निवडण्याची सोय झाली. म्हणजे पिनयिनचाच मार्ग मराठीने पत्करला, आणि वर्णमालेशी सुसंगत असा कळफलक हाताशी असताना पत्करला, हे नमूद करण्याजोगे आहे. पिनयिन चिनी मुले शाळेत शिकतात. मराठीच्या रोमन लेखनाला तशी शिस्त नाही, त्यामुळे ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील निवड पुष्कळदा यंत्रावर सोपविली जाते. यांत्रिक टंकलेखनाचा काळही दरम्यान संपला. गोदरेज कंपनीने टंकलेखन यंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबविले व महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने यंत्रावरील टंकलेखनाची शेवटची परीक्षा २०१७ मध्ये घेतली. त्यानंतर ही परीक्षा संगणकावरच होते.

मारेगाव, वणी, झरी-जामणी, केळापूर या भागांत मराठीखेरीज कोलामी व गोंडी या द्राविडी भाषा बोलल्या जातात. कोलामीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात. तिच्यात ‘ए’ व ‘ओ’ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन प्रकार आहेत, मराठीत ते नाहीत. इस्कीच्या कर्त्यांनी दक्षिणी भाषांसाठी ‘ऎ’ व ‘ऒ’ ही चिन्हे ठेवली होती, ती यूनिकोडमध्येही आली. कोलामी बालवाचन पुस्तक हा भेद दाखवून छापावयाचे म्हटले, तर संकेत तयार आहेत. प्रचलित मराठी कळफलकांवर मात्र ही चिन्हे सहसा समोर नसतात. गोंडीसाठी मुनशी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली लिपी २०१७ मध्ये, तर पैनगंगेपलीकडील आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा येथे हस्तलिखितांत आढळलेली लिपी २०१८ मध्ये यूनिकोडमध्ये समाविष्ट झाली. मोडीला ही जागा त्याआधी, २०१४ मध्ये मिळाली. मराठी प्रदेशातील जुन्या दप्तरांचा फार मोठा भाग मोडीत आहे. त्याची छायाचित्रे संगणकात साठविण्याचे काम बरेच पुढे गेले असले, तरी छायाचित्रात शब्द शोधता येत नाही, आणि मोडी वाचून ती टंकलिखित करू शकणारे हात अद्याप थोडे आहेत.